वेश, संशय आणि खाजगी बचावाचा हक्क

पाथर्डी तालुक्यात गर्भगिरीच्या डोंगररांगेलगत वसलेल्या मढी या गावी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा भरते. गाढवांच्या बाजारासाठी ही यात्रा राज्यभर प्रसिद्ध आहे. भटक्या-विमुक्त जमातींचा वर्षातील मोठा मेळा म्हणूनही तिची ओळख आहे. गावोगाव फिरून उपजीविका करणारी कुटुंबे या दिवसांत येथे एकत्र येतात, नातीगोती जुळतात, देणीघेणी मिटतात. भगवी वस्त्रे व हातात डवर घेतलेला डवरी गोसावी, मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, कमरेला चिंध्यांचा घेर बांधून अंगावर आसूड ओढणारा पोतराज, फौजदाराचा पोशाख चढवून दारोदार लटकेच दरडावीत फिरणारा बहुरूपी, अशी माणसे महाराष्ट्रातील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहेत. त्यांचा वेश हाच त्यांचा परवाना होता. वेशीतून आत येणारा माणूस कोण, तो कशासाठी आला आहे, हे त्याच्या अंगावरील वस्त्रांवरून गावाला न विचारताच समजत असे.

हा परवाना आता चालेनासा झाला आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मृतांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होते. पोटासाठी भिक्षा मागत ते तिकडे गेले होते. मुले पळविणारी टोळी आली असल्याची अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून पसरली होती. अनोळखी चेहरे व परका पेहराव एवढ्यावर जमावाने निर्णय केला. मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचाही अशाच संशयातून जमावाच्या हातून मृत्यू झाला. तेथे तर पोलीस उपस्थित होते, आणि साधूंच्या अंगावरील भगव्या वस्त्रांनीही त्यांना वाचविले नाही.

अशा प्रत्येक घटनेनंतर गावातून एक युक्तिवाद ऐकू येतो : ‘आम्ही आमच्या मुलाबाळांच्या रक्षणासाठी केले.’ हा युक्तिवाद कायद्याच्या कसोटीला कितपत उतरतो, आणि माणसाच्या अंगावरील कपड्याला त्या कसोटीत कोणते स्थान आहे, हे समजून घेणे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास आवश्यक आहे.

भीती खोटी नाही

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवरील माणसाला वाटणारी रात्रीची भीती काल्पनिक नाही. जानेवारी २००१ मध्ये याच पाथर्डी तालुक्यातील कोठेवाडी येथे दरोडेखोरांनी घरांवर हल्ला करून लूटमार केली, माणसांना मारले, स्त्रियांवर अत्याचार केले. त्या रात्रीची आठवण जिल्ह्याने विसरलेली नाही. घर शेतात, शेजार दूर, पोलीस ठाणे त्याहून दूर, अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला ‘पोलीस येईपर्यंत थांबा’ असे सांगणे पोकळ ठरते, आणि कायदाही तसे सांगत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेतील कलम ९६ ते १०६ मध्ये असलेला खाजगी बचावाचा हक्क नव्या संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. आशय जवळजवळ तोच आहे. स्वतःच्या वा दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेली कृती अपराध ठरत नाही. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी धास्ती उत्पन्न करणारा हल्ला, बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला, ॲसिडचा हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. जबरी चोरी, तसेच सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, यांच्या बाबतीतही तेच. कोठेवाडीसारख्या रात्री एखाद्या घरधन्याने कुऱ्हाड उचलली असती, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहिला असता.

मात्र या तरतुदी वाचताना ‘हल्ला’ या शब्दावर बोट ठेवून थांबावे. मुलाला पळवून नेण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला, असे कलम म्हणते. मुलाशी बोलणे, त्याच्याकडे पाहणे वा त्याच्या गावात परक्या वेशात फिरणे असे म्हणत नाही. शिवाय सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क उपलब्ध नसतो, आणि बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो कधीच जात नाही. ज्याला खोलीत कोंडले आहे त्याच्यापासून कोणाचा बचाव करावयाचा? धास्ती आहे तोवरच हक्क आहे. माणूस ताब्यात आला, त्याचे हात बांधले गेले, की हक्क संपतो आणि त्यानंतरचा प्रत्येक फटका हा गुन्हा असतो.

अंधारातील चूक आणि भर दुपारची चूक

वेशावरून माणसाची गफलत होऊ शकते हे कायद्याला ठाऊक आहे. संहितेतील एक जुने उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. एक मनुष्य रात्री अशा घरात शिरतो, जेथे शिरण्याचा त्याला कायदेशीर अधिकार आहे. दुसरा त्याला सद्भावपूर्वक घरफोड्या समजून त्याच्यावर हल्ला करतो. हल्ला करणाराने या गैरसमजामुळे अपराध केलेला नाही. परंतु आत शिरलेल्यालाही त्याच्याविरुद्ध स्वतःच्या बचावाचा तितकाच हक्क आहे. दोन निरपराध माणसे अंधारात एकमेकांशी झुंजत आहेत आणि दोघांचीही बाजू कायद्याला मान्य आहे, असे हे विलक्षण चित्र आहे.

ओरिसा उच्च न्यायालयाच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात असाच प्रसंग आहे. रासगोविंदपूर येथील पडीक विमानतळावर भुते दिसतात अशी समजूत होती. मध्यरात्रीच्या सुमारास तेथून जाणाऱ्या एका नेपाळी नोकराला मिणमिणत्या उजेडाभोवती हलणाऱ्या आकृती दिसल्या. ती भुतेच, असे समजून तो खुकरी घेऊन त्यांच्यावर धावून गेला. त्या आकृती म्हणजे मोहाची फुले वेचावयास आलेल्या आदिवासी स्त्रिया होत्या. त्यांतील एक मृत्यू पावली, इतर जखमी झाल्या. न्यायालयाने वस्तुस्थितीविषयीच्या प्रामाणिक गैरसमजाचा लाभ देऊन त्याला निर्दोष ठरविले.

हा दाखला वाचून कोणी म्हणेल, मग जमावाचाही गैरसमजच होता. येथेच कायद्याने ‘सद्भाव’ या शब्दाची केलेली व्याख्या आड येते. योग्य ती दक्षता व लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असे म्हणता येत नाही. विमानतळावरील माणूस एकटा होता, वेळ मध्यरात्रीची होती, विचारास क्षणाचाही अवसर नव्हता. राईनपाड्याला दिवस होता, बाजार भरलेला होता, संशयित हाताशी होते. ओळखपत्र पाहणे, त्यांच्या मुक्कामी चौकशी करणे, पोलीस ठाण्यास कळविणे, यांपैकी काहीही करणे शक्य होते. भर दुपारी शेकडोंच्या जमावात झालेल्या चुकीला अंधारातील चुकीची सवलत मिळत नाही.

वेशावरून टोळी ओळखण्याची सवय तर आणखी फसवी आहे. अंगाला तेल चोपडून केवळ चड्डी व बनियन घालून चोऱ्या करणाऱ्या टोळ्यांमुळे ‘चड्डी-बनियन टोळी’ हा शब्दच राज्यात रूढ झाला. परंतु वैशाखात रात्री पिकाला पाणी देणारा शेतकरी, उसाच्या गाडीवर झोपलेला तोडणी कामगार, खळ्यावर राखण करणारा गडी, हे सारे त्याच वेशात असतात. जातीवरून गुन्हेगार ठरविण्याचा प्रकारही आपल्याकडे कायद्यानेच रूढ केला होता. १८७१ साली झालेला आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. त्यावरून या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. नाव बदलले, तरी पालावरचा माणूस दिसताच मनात उठणारी शंका मात्र कलम रद्द करून रद्द होत नाही. जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येऊन केलेल्या खुनासाठी नव्या संहितेच्या कलम १०३ मध्ये मृत्युदंड वा आजीव कारावास अशी स्वतंत्र तरतूद आहे.

जेथे कपड्याला कायद्याचे वजन आहे

सर्वसाधारणपणे कायदा कृती पाहतो, कपडे पाहत नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो गणवेशाचा. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने सद्भावपूर्वक कृती करीत असेल, तर ती कृती कायद्याच्या काटेकोर दृष्टीने सदोष असली तरीही तिच्याविरुद्ध खाजगी बचावाचा हक्क नसतो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती असेल तरच तो उरतो. पण समोरचा माणूस लोकसेवक आहे हे ठाऊक असल्याशिवाय किंवा तसे मानण्यास कारण असल्याशिवाय नागरिकाचा हक्क जात नाही, असे कलम ३७ चे स्पष्टीकरण सांगते. हे कारण बहुधा गणवेशच पुरवितो.

साध्या वेशातील पोलीस पथक रात्री एखाद्या वस्तीवर जाते, दार ढकलते आणि आतील माणसे काठ्या घेऊन अंगावर येतात, असा प्रसंग उद्भवल्यास न्यायालयासमोर पहिला प्रश्न हाच येतो की, ते पोलीस आहेत हे घरातल्यांना कळले होते काय? ओळख सांगितली असेल, पत्र दाखविले असेल, तर त्यानंतरचा प्रतिकार हा गुन्हा होतो. तसे केले नसेल, तर पथकाचीच बाजू लंगडी पडते. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणी १८ डिसेंबर १९९६ रोजी घालून दिले, आणि नंतर ते कायद्यातही आले. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करणे अपवादात्मक परिस्थितीतच शक्य आहे. त्यासाठीही महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ‘पुढे गडबड झाली आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा’ असे वृद्धांना सांगून ते लांबविणारे तोतये साध्या वेशातच येतात व क्षणभर कार्ड दाखवितात. ते कार्ड हातात मागून वाचण्यात खऱ्या पोलिसाचा काहीही अवमान होत नाही.

तोतया आणि बहुरूपी यांच्यातील फरक कायद्याने नेमका टिपला आहे. लोकसेवकाचा पोशाख अंगावर चढविणे हाच गुन्हा नाही; आपण लोकसेवक आहोत असे लोकांनी मानावे या उद्देशाने, किंवा ते तसे मानण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना तो वापरणे हा गुन्हा आहे. बहुरूप्याच्या फौजदाराला हसून पैसे देणारे गाव त्याला खरा फौजदार मानीत नव्हते. आजच्या तरुण पिढीने बहुरूपी पाहिलेलाच नसेल, तर ‘मानण्याचा संभव’ वाढतो आणि जुन्या कलावंताचा जुना वेश त्याच्याच जिवावर बेततो.

अहिल्यानगर शहराला या बाबतीत आणखी एक पदर आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र येथे असल्याने लष्करी कपड्याचे आकर्षण जिल्ह्यातील तरुणांत मोठे आहे. भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्यावर ठिपक्यांच्या विजारी घालूनच धावतात. त्यांचा हेतू निर्मळ असतो. तथापि जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी पोशाखात होते, आणि त्यानंतर नागरिकांनी असे कपडे वापरू नयेत असे आवाहन लष्कराने केले होते. सैनिक भासविण्याच्या उद्देशाने तसा पोशाख करणे हा कलम १६८ खालील गुन्हा आहे. व्यायामशिक्षकांनी ही गोष्ट मुलांना एकदा समजावून सांगितली तरी पुरे.

स्त्रीचा पोशाख

कपड्यांचा व सुरक्षिततेचा विषय निघाला की गावच्या सभेत बोलणे हटकून मुलींच्या पोशाखाकडे वळते. जुलै २०१६ मधील कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या घटनेनंतर जिल्ह्यात घरोघरी मुलींच्या सुरक्षिततेची चर्चा होत राहिली, आणि तीत अमुक घालू नये, तमुक घालावे असा उपदेशही भरपूर झाला. पळता येईल अशी पादत्राणे, चाकात अडकणार नाही अशी ओढणी, एवढ्यापुरता तो सोयीचा सल्ला आहे. त्यापलीकडे त्याला कायद्यात आधार नाही. बळजबरीचा प्रयत्न होत असता स्त्रीला हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत मिळालेला हक्क तिच्या पोशाखावरून वाढत नाही की घटत नाही. पीडितेच्या चारित्र्याविषयी उलटतपासणी करू देणारे साक्षीपुरावा कायद्यातील जुने कलम २००२ च्या दुरुस्तीने वगळले गेले. १८ मार्च २०२१ रोजी अपर्णा भट प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या आदेशात पीडितेच्या पोशाखाची, वर्तनाची चर्चा येता कामा नये असे बजावले.

शिक्षकांसाठी त्याच वर्षीचा आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. बालिकेला कपड्यांवरून केलेला स्पर्श ‘लैंगिक हमला’ या व्याख्येत बसत नाही, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द ठरविला. दुष्ट हेतूने केलेला स्पर्श अंगावर कापड असले तरी गुन्हाच आहे. मूल तक्रार घेऊन आले असता ‘कपड्यांवरूनच ना?’ असे विचारून ती हलकी करू नये.

फाटलेली बाही

बचावाचा दावा जेव्हा न्यायालयात जातो, तेव्हा कपडे पुन्हा एकदा पुढे येतात, ते साक्षीदार म्हणून. आपली कृती खाजगी बचावात बसते हे दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. तो भार सरकार पक्षाइतका जड नसतो. शक्याशक्यतेचा तोल आपल्या बाजूला झुकतो एवढे दाखविले तरी चालते. अशा वेळी फाटलेली बाही, तुटलेली गुंडी, सदऱ्याला समोरून गेलेली चीर, मातीचे व रक्ताचे डाग यांवरून हल्ला कोणी केला, झटापट झाली की नाही, घाव समोरून बसला की पाठीमागून, हे ठरू शकते. आपल्याकडे मात्र मारामारी होताच घरातील वडीलधारी मंडळी पहिले काम करतात ते कपडे धुण्याचे. अत्याचार झालेल्या स्त्रीलाही आधी आंघोळ घातली जाते. माया म्हणून केलेली ही गोष्ट पुरावा नष्ट करते. ते कपडे न धुता, सावलीत सुकवून, प्रत्येक वस्त्र निरनिराळ्या कागदात गुंडाळून पोलिसांच्या स्वाधीन करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून डाग कुजतात. पंचनाम्यात त्यांची नोंद झाली की नाही हे पोलीस पाटलाने पाहावे.

गस्त घालणाऱ्यांचा वेश

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६३ ब मध्ये ग्रामसुरक्षा दलांची तरतूद आहे. (अण्णा हजारे यांच्या आग्रहातून २०१६ साली दारूबंदी कायद्यात आलेले ग्रामरक्षक दल निराळे, पुष्कळ ग्रामसभांत या दोहोंचा घोटाळा होतो.) थंडीच्या रात्री घोंगडी पांघरून, तोंडाला मफलर गुंडाळून, हाती काठ्या घेऊन निघालेली दहा-बारा माणसे दुरून दरोडेखोरांसारखीच दिसतात. साखर कारखान्याकडे निघालेली तोडणी कामगारांची गाडी त्यांना पाहून पळ काढते, आणि पळणारा तो चोर या न्यायाने पाठलाग सुरू होतो. दंडावर पट्टी, एकसारखी टोपी, शिटी व विजेरी एवढा साधा वेश ठरवून तो पोलीस ठाण्यास कळवून ठेवला, तर हा धोका पुष्कळ टळतो.

संशयितास धरण्याचा अधिकार नागरिकाला आहे, पण तोही मर्यादित आहे. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला खाजगी व्यक्ती अटक करू शकते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. केवळ परका वेश हा कोणताच गुन्हा नाही. पाल उतरले की भटक्यांच्या म्होरक्याने पोलीस पाटलाकडे जाऊन आपली माणसे, मूळ गाव व मुक्कामाचे दिवस सांगावेत, अशी जुनी वहिवाट अनेक गावांत होती. तिला हजेरीचे किंवा जरबेचे रूप येऊ न देता ती पुन्हा सुरू करता येईल. ग्रामपंचायतीच्या वहीत नावे लिहून घ्यावीत, एक छायाचित्र ठेवावे, दवंडीने किंवा गावच्या भ्रमणध्वनी गटावर ‘अमुक लोक अमुक ठिकाणी उतरले आहेत, चौकशी झालेली आहे’ एवढा मजकूर द्यावा, आणि तशी चिठ्ठी म्होरक्याच्याही हाती द्यावी, म्हणजे शेजारच्या गावी तिचा उपयोग होईल. मढीची यात्रा संपून पाडव्यानंतर ही कुटुंबे पाथर्डी, शेवगाव, नेवासे, आष्टी अशा चहूकडच्या वाटांना लागतात. त्या वाटांवरील गावांनी ही वही फाल्गुन महिन्यातच उघडून ठेवावी.